‘कसं झालं?’ न विचारणारी बाई

प्रज्ञाताई गेल्या.
कसं झालं, ते विचारू नका.

अख्ख्या घनसावंगी तालुक्यात हा प्रश्न न विचारणारी ही एकच बाई होती.

उसाच्या ट्रॅक्टरनं भाऊजींना उडवलं, तेव्हा स्कूटीवर मागं माझी मोठी बहीण, अक्का होती. भाऊजी जागेवरच गेले. अक्काला नुसतं खरचटलं.

मग बसायला येणारे सुरू झाले.
"कसं झालं गं बाई? बराबर पहिल्यापासून सांग."
अक्का पहिल्यापासून सांगायची. कुणी उशिरा आलं की शेजारीण म्हणायची, "ह्यांनी ट्रॅक्टरपासून ऐकलंय. आधीचं सांग पुन्हा."
मालिकेचा चुकलेला भाग बघायला यावीत तशी माणसं.

पुढं माणसं यायची थांबली. ट्रॅक्टर येतच राहिला. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना.

अक्का शिक्षिका, शाळा वस्तीवर. तिथं एसटी जात नाही. आणि स्कूटीला हात लावला की हिचे हातपाय गार. रजा संपत आली, राजीनाम्याची भाषा सुरू झाली.

कुंभार पिंपळगावच्या प्रज्ञाताई मानसोपचार शिकून आल्या होत्या. बाजाराच्या दिवशी तीर्थपुरीत, मेडिकलच्या वरच्या खोलीत बसायच्या. मी अक्काला घेऊन गेलो.

ताई म्हणाल्या, तो प्रसंग मनात आणायचा आणि नजर त्यांच्या बोटांमागं न्यायची. डावीकडून उजवीकडं, परत डावीकडं.
मी म्हणालो, "मॅडम, बोट हलवून माणसं हलवायचं काम आमच्याकडं पुढारी करतात."
"त्यांचे पेशंट बरे होत न्हाईत," ताई म्हणाल्या. "तुम्ही खाली चहा घ्या."

वरचं मला अक्कानं नंतर सांगितलं.
तिनं सवयीनं विचारलं, "पहिल्यापासून सांगू का?"
"सांगायची गरज न्हाई. मनातल्या मनात पाहा. नको वाटलं तर हात वर करा, मी थांबते."
बोटं हलायच्या आधीच अक्का रडली.

त्रास दहापैकी किती, असं ताईंनी विचारलं. अक्का म्हणाली, दहा.
आजवर एकाही पोराला तिनं पैकीच्या पैकी दिलेले नाहीत.

जादूबिदू काही झाली नाही. बरेच बाजार गेले. दहाचे आठ झाले, मध्येच परत नऊ.
मग एकदा जिना उतरता उतरता अक्का थांबली.
"ट्रॅक्टर दिसतो रे. पण लांब गेलाय. आज त्याच्या आधीचं आठवलं. तुझे भाऊजी गाणं म्हणून राह्यले होते. बिलकुल बेसूर."
एवढ्या लोकांना एवढ्यांदा सांगितलं, त्यात हे गाणं कधीच आलं नव्हतं.

त्यानंतर ती स्कूटी घेऊन आधी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मग शाळेत.

आज ताईंचा अंत्यविधी पिंपळगावात. रस्ता तोच, अपघाताचा.
मी म्हणालो, "अक्का, मी गाडी करतो."
"कशाला खर्चा? बस मागं."

बसलो. ते वळण आलं, तेव्हा मी डोळे गच्च मिटले.
अक्कानं वेग कमी केला, हॉर्न दिला आणि वळली.

ताई, आम्ही वेळेवर पोचलो.
अखेरचा जय भीम.