शकुआक्कांचं ताट

शकुआक्का आपण केलेली भाजी कधी चाखून बघत नसत. पातेल्यावरचं झाकण उचलायचं, वाफ नाकाशी येऊ द्यायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मीठ कमी हाय." आणि खरोखरच ते चिमूटभर कमी असायचं. आमच्या गल्लीत या गोष्टीचं मोठं कौतुक होतं. कोणी म्हणे, देवाच्या नैवेद्यासारखं पाळतात; कोणी म्हणे, हात बसला की जिभेची गरज पडत नाही. मलाही तसंच वाटायचं. खरं कारण कळलं त्या दिवशी मी त्यांच्या गॅसच्या ओट्याशी उभी होते.

कोपरगावच्या शाळेत बदली झाली तेव्हा मी त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे नाना म्हणत, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. एकुलती एक मुलगी माया लग्न होऊन पुण्याला. पहिल्याच संध्याकाळी आक्कांनी मटणाच्या रश्श्याचं भांडं आणून दिलं. पहिल्या घोटालाच माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दारात उभे राहून नाना खूश होऊन हसत होते. "घाम आला न्हाई तं त्ये जेवान कसलं, बाई?" आक्का मात्र हसल्या नाहीत. आत गेल्या आणि निमूटपणे दह्याची वाटी घेऊन आल्या. "सवय हुईल," एवढंच म्हणाल्या. उन्हाळ्यात त्या येसूर, म्हणजे रश्श्याचा तिखट मसाला, कुटायच्या. सगळी गल्ली शिंकत असायची आणि बायका डबे घेऊन दारात बसलेल्या असायच्या. त्यांच्या हाताची चटणी पुण्या-मुंबईला जायची.

त्या स्वतः सगळ्यात शेवटी जेवत, स्वयंपाकघराचं दार लोटून. जुन्या वळणाची बाई, मागून जेवते, यात कुणाला नवल वाटायचं?

मायाच्या बाळंतपणाला आक्का पुण्याला गेल्या आणि चांगले दोन-अडीच महिने राहून आल्या. परतल्यावर एका शनिवारी मी सकाळची शाळा करून घरी आले तर त्यांच्या खिडकीतून लसूण तळल्याचा वास येत होता. नुसता लसूण. ठसका नाही, मिरचीचा खाट नाही. नाना तिसगावला भावाकडं गेलेले. मी सहज आत डोकावले तर आक्का ओट्याशी उभ्या राहून, भर दुपारी, थेट कढईतून चमच्यानं खात होत्या. डोळे मिटलेले. मला तर धक्काच बसला. ही बाई नानांच्या आधी पाणीसुद्धा पीत नसे.

"कुनाय?" त्या दचकल्या. मला बघून पदरानं तोंड पुसलं. "ये. बस. कुनाला सांगू नको."

कढईत लालसर, ओलसर असं काहीतरी होतं. जवळ जाऊन बघते तर त्या नखुल्या! आपण लग्नाच्या रुखवतात ठेवतो त्या, रव्याच्या पिठाच्या, अंगठ्याच्या नखावर दाबून केलेल्या शिंपल्या. गुळाच्या दुधात शिजवायच्या त्या नखुल्या आक्कांनी टोमॅटोत घातल्या होत्या.

"जावयानं केलतं तिकडं," त्या सांगू लागल्या. "माया बाळंतीन, मी दमलेली. तर ह्यो गडी म्हनला, आई, आज तुमी बसा. इटालीचं काय तरी हाय म्हनला. विकतच्या पुड्यातल्या शिंपल्या हुत्या. मी मनात म्हनलं, ह्या तर आपल्या नखुल्या. टमाटे शिजवले, लसून, तेल, मीठ. झालं! मी पैला घास घेतला आन् मला रडूच आलं, बाई. वाटलं, ह्यो मानूस मला वळखतो."

"म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी दाराकडं पाहिलं, जणू नाना तिथं उभे असावेत. मग हळूच म्हणाल्या, "मला तिखट न्हाई सोसत. कधीच न्हाई सोसलं. त्वांड भाजतं, रातभर पोटात आग पडती."

सगळ्या गल्लीला रडवणारी, उभ्या तालुक्यात जिच्या येसराचं नाव, ती ही बाई! नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा पहिल्याच पंगतीत त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. सासू सगळ्यांदेखत म्हणाली होती, "डोळ्याला पदर लावायचा आसंल तं माहेरी जाऊन लाव." त्या दिवसापासून आक्का शेवटी, दार लोटून, दूध-भाकरी खात आल्या होत्या. सासू जाऊन किती वर्षं झाली, तरी दार लोटलेलंच राहिलं. भाजी त्या चाखत नव्हत्या, कारण चाखणं त्यांना झेपतच नव्हतं.

त्यानंतरचे शनिवार माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. संगमनेरकडचे टोमॅटो बाजारात येत. त्यातले पिकून फुटायला आलेले आक्का निवडून घेत. "देखने टमाटे कडक आसत्यात, मऊ पडल्याबिगर गोडी येत न्हाई," असं म्हणत. लसणाच्या पातळ चकत्या तेलात सोडायच्या आणि लाल व्हायच्या आत टोमॅटो घालायचे. मग मंद आच. "घाई केली की आंबट ऱ्हातं." टोमॅटो फुटत, आटत, कडेनं तेल सुटायला लागे. दुसऱ्या पातेल्यात खळखळत्या पाण्यात मीठ आणि नखुल्या. त्या वर तरंगल्या की झाऱ्यानं काढून सरळ कढईत. रश्श्याच्या वेळी गंभीर असणारी ही बाई आता गुणगुणत असे. आणि चाखत असे! दर दोन मिनिटांनी चमचा तोंडात. वाटी हातात घेऊन आम्ही मागच्या पायरीवर बसायचो. गरम, मऊ, जराशा आंबटगोड नखुल्या, वर किसलेलं चीज. एवढा साधा पदार्थ, पण आठवडाभर शाळेत ओरडून सोललेल्या घशाला तो मायेनं हात फिरवल्यासारखा वाटायचा.

जावयानं कसला तरी पाला घातला होता म्हणून आक्कांनी वास हुंगत हुंगत अख्खी गल्ली शोधली, आणि सब्जाचं रोप कुंडीत आणून लावलं. शेजारणी हबकल्या. "आगं शकू, त्यो कबरीवर लावत्यात!"

"मेलेल्या मानसाला वास आवडतो," आक्का म्हणाल्या, "मंग जित्यानं काय घोडं मारलंय?"

पण हे सगळं नानांच्या पाठीमागं, ते शनिवारी तिसगावला गेले की. ते घरी असले की आक्का पुन्हा दार लोटून दूध-भाकरीवर. मी एकदा म्हटलं, सांगून टाका ना. "आता काय सांगू? इतकं दिस काय क्येलं म्हनत्याल."

एका रविवारी माया, जावई आणि तान्हं बाळ आलं होतं. मटणाचा बेत होता आणि मलाही बोलावलं होतं. आम्ही सगळे बसलो. आक्कांनी सगळ्यांना वाढलं, आणि मग घरात कधी घडलं नव्हतं ते घडलं. त्यांनी स्वतःचं ताट आणलं, नानांच्या शेजारी ठेवलं आणि मांडी घालून बसल्या. ताटात नखुल्या होत्या.

नानांचा घास हातातच राहिला. "ह्ये काय? आजारी हायस का?"

"न्हाई."

"मंग रस्सा का न्हाई घेतला?"

"मला तिखट सोसत न्हाई."

"कधीपासनं?"

"जल्मल्यापासनं."

नाना हसले. चेष्टा वाटली त्यांना. मग त्यांनी मायाकडं पाहिलं. मायाचा चेहरा पांढरा पडला होता. तिलाही ठाऊक नव्हतं. "मंग इतकी वर्सं..." नानांचं वाक्य पुरं होईना.

"तुमी कधी इचारलं न्हाई," आक्का शांतपणे म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.

भरल्या ताटावरून नाना उठले. अन्नाला नमस्कार केल्याशिवाय न उठणारा माणूस, तो हात न धुता बाहेर गेला. पायरीवर जाऊन बसला तो दिवस मावळेपर्यंत.

पुढचे काही दिवस ते घर मुकं झालं. नाना समोर येईल ते मान खाली घालून खात आणि निघून जात. एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. चौकटीला धरून उभे राहिले.

"बाई, मी तिच्यावर कधी हात उचलला न्हाई. शिवी दिली न्हाई. दारूला शिवलो न्हाई. मंग ती भ्याली कशाला मला?"

"त्यांनाच विचारा ना, नाना," मी म्हटलं.

ते म्हणाले, "मला आता इचारायचं भ्या वाटतंय. आनखी काय निघंल?"

पण ते गेले. भिंत एकच असल्यामुळं मला ऐकू आलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी विचारलं, "आनखी काय काय हाय जे मला म्हाईत न्हाई?" मग आक्का म्हणाल्या, "लसून सोला आदी. मंग सांगते."

त्या दिवसापासून त्या घरात एक विलक्षण रीत सुरू झाली. संध्याकाळी नाना लसूण सोलायला बसत आणि एक प्रश्न विचारत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी येऊन, डोळे मोठे करून, कळलेलं सांगत. "बाई, दर दिवाळीला मी हिरवं लुगडं आनायचो ना? तिला हिरवा रंग आवडतच न्हाई!" कधी, "तिला माहेरी बेबी म्हनायचे. तुमाला ठाऊक हुतं? मला न्हवतं." कधी, "तिला नदीच्या पुलावरनं जायला भ्या वाटतं. आन् मी तिला रोज फिरायला तिकडंच न्यायचो." प्रत्येक वेळी तोच धसका, जणू घरात कुणी नवीनच माणूस राहायला आलं होतं. लहानपणी ऐकलेलं भंडारदरा एकदा बघायचं होतं, असं एके दिवशी निघालं. पुढच्याच आठवड्यात नाना त्यांना घेऊन गेले. परतल्यावर आक्का म्हणाल्या, "धरान राहू द्या, बाई. गाडीत ह्ये माझ्याशी बोलत हुते. सबंध वाट!"

नखुल्या मात्र नानांना कधीच आवडल्या नाहीत. "पोरांचं खानं हाय ह्ये," म्हणायचे. ते स्वतः खलबत्त्यात ठेचा कुटायला शिकले, आणि दोन ताटं शेजारी शेजारी लागू लागली, एक लालभडक, एक लालसर. दार उघडं असायचं.

पुढं माझी बदली नगरला झाली. फोनवर बोलणं व्हायचं. आणि थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी नानांचा फोन आला. आवाज ओळखूच आला नाही. "बाई... बेबी गेली." चहा ठेवताना आक्कांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत. आदल्याच दिवशी तर माझ्याशी बोलल्या होत्या. सब्जाला तुरे आलेत म्हणून सांगत होत्या. मी एसटीत बसून कोपरगावला गेले, पण सगळी वाट मला ते खरं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ओसरीवर माणसं बसली होती. नाना भिंतीला टेकून. तिसगावच्या त्यांच्या भावानं उसासा टाकला. "काय जोडा हुता! चाळीस-पंचेचाळीस वर्सांची सोबत मोडली."

"न्हाई," नाना म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"सोबत आसंल. वळख तीन-चार वर्सांचीच हुती आमची." भाऊ गोंधळून मायाकडं बघू लागला; दुःखानं बरळतायत असं वाटलं असावं त्याला. मायानं वडिलांचा हात धरला. नाना अंगणाकडं बघत स्वतःशीच म्हणाले, "अजून लई इचारायचं ऱ्हायलं हुतं."