मागं कललेली जीप

सास्तूरच्या गौरीशंकरनं बापाची जुनी जीप अंगणातच खोलून नवी केली. मागचा बाक काढला, चाकं मोठी घातली, स्प्रिंगचे कमानपाटे दोनदा बदलले. तरी रिकामी जीप मागून डावीकडं कललेलीच. गाव हसलं. हसणाऱ्यांचीही मेलेली माणसं भूकंपात ह्याच जीपनं वाहिली होती, ते सोयीनं विसरले.

"आत्याबाईस्नी हिच्यातच नेलं नव्हं का?" बायको श्रीदेवी सासूच्या आठवणीनं म्हणाली.

"लोखंड हाय ते, येडे!" गौरीशंकरनं पाना आपटला. पण मग त्याला भूकंपाचा तो दिवस आठवला. त्यांच्या समाजात मेलेल्या माणसाला बसवून माती देतात. त्या दिवशी प्रेतं लई होती. त्याच्या आईला, इरम्माला, आडवी टाकून नेलं अन् सगळ्यांसंगं जाळलं.

त्यानं बाक परत बसवला. भर दुपारी, म्हाताऱ्या माणसाला न्यावं तशी खड्डे चुकवत, जीप शेतातल्या समाध्यांपाशी नेली. दोघंही अजून पुढंच बसलेले, तोच मागं पाटे करकरले अन् जीप सरळ झाली.

"उतरल्या," श्रीदेवी पुटपुटली.

गौरीशंकरनं मागं वळून बघितलं न्हाई. तो उतरला अन् आज्याच्या समाधीशेजारी, मांडी घालून एक माणूस बसेल एवढी जागा हातानं झाडू लागला.