बांधावरचा अभ्यास

गोदामातली नोकरी गेली, तेव्हा शेणव्याजवळच्या आमच्या घरी येऊन मी जो पडलो, तो पडूनच राहिलो. नुसतं पडून राहण्यात मन रमत नाही, म्हणून मी एक उद्योग शोधला: माझ्याच बाबतीत असं का? चहा पिताना का, जेवताना का, परसाकडे बसल्यावरही का. शेवटी बायकोने मला शहापूरला समुपदेशन करणाऱ्या एका मॅडमपुढे नेऊन बसवलं.

मॅडम म्हणाल्या, डिप्रेशन आहे आणि त्यात तुम्ही विचारांचं रवंथ करताय. मला राग आला. बैल निदान नांगराला जुंपल्यावर रवंथ थांबवतो.

औषधाबरोबर त्यांनी एक सराव दिला. विचार फिरायला लागला की 'का' सोडायचं. काय घडलं, कुठे घडलं, समोर कोण होतं, हे बारीकसारीक तपशिलांसकट डोळ्यांपुढे आणायचं. मग स्वतःला विचारायचं, आत्ता पुढचं लहानसं काम कोणतं? आणि उठून ते करायचं. विचार आला की लगेच सराव. शाळेत मी कधी गृहपाठ केला नाही. अभ्यासू व्हायला मला अख्ख्या आयुष्यात नेमकी आवणीचीच वेळ सापडली.

आवणी म्हणजे भाताची लावणी. आमच्याकडे ती सावडीने होते. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नाही, माणसाला माणूस. आमच्या घरातून दोघं गेले तर आमच्या खाचरांत प्रत्येक घरातून दोघं येणार.

शेजाऱ्याच्या खाचरात मी वाकलो, रोपाची मूठ, म्हणजे बांधलेली जुडी, सोडली आणि गोदामातला सुपरवायझर आठवला. लगेच बाहेर येऊन बांधावर बसलो, डोक्यावर प्लास्टिक ओढलं, डोळे मिटले. गोदामाचं शटर दिसलं. त्याचा निळा शर्ट, खिशाला पेनाचा डाग. 'उद्यापासून येऊ नको' म्हणताना तो मोबाइलमध्ये बघत होता, तेही दिसलं. फारच छान जमत होतं.

"काय रे, झोपलास का?" शेजारच्या काकीने विचारलं.

"नाय काकी, त्यांना मॅडमनी सांगितलंय," बायको वाकूनच म्हणाली.

"मंग मला पण ने गो त्या मॅडमकडं. माझी कंबर पण लय विचार करते."

खाचरातले सगळे हसले. बायको सोडून.

त्यानंतर ज्याच्या त्याच्या शेतात मी हेच केलं. आमची पाळी आली तेव्हा प्रत्येक घरातून एकेकच माणूस आलं. मी शेजाऱ्याला विचारलं, "बाकीची कुठंत?"

"तुमच्या घरातनं एकच वाकली ना, दादा. एकाला एक. तुझ्यावर राग नाय कुणाचा. पण बांधावर बसणारी आमच्याकडं पण हायेत, ती आमी घरीच ठेवली."

संध्याकाळपर्यंत निम्मीच खाचरं झाली. दुसऱ्या दिवशी सावड पुढच्या घरी गेली आणि तिच्याबरोबर बायकोही. आमचं उरलेलं रोप जून होत चाललं. जून रोपाला फुटवे, म्हणजे बाजूचे नवे कोंब, धड येत नाहीत, म्हणजे घरात वर्षभराचा तांदूळ येत नाही.

पंधरा दिवसांनी मी शहापूरला जाऊन मॅडमना माझी प्रगती ऐकवली. शटर, शर्ट, डाग.

"आणि पुढचं काम कोणतं, ते विचारता ना स्वतःला?"

"तिथपर्यंत टाइमच पुरत नाय, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती परतीच्या एसटीत मी बारीकसारीक तपशिलांसकट डोळ्यांपुढे आणली. सापगाव मागे पडलं तेव्हा कुठे कबूल केलं, की तो प्रश्न मी मुद्दाम गाळत होतो. त्याचं उत्तर रोज समोर चिखलात वाकलेलं दिसत होतं आणि मला वाकायचं नव्हतं.

उतरलो तो थेट आमच्या शेतात गेलो. सावड संपल्यापासून बायको उरलेलं रोप एकटीच लावत होती. मी पँट दुमडली, बांधावरची मूठ उचलली आणि खाचरात पाय टाकला.

"तिकडनं नको," ती मान वर न करता म्हणाली. "लावलेलं तुडवाल."

"मग कुठनं येऊ?"

"आता कशाला येता? दोनच ओळी राहिल्यात. वरच बसा."

मी पाय मागे घेतला आणि बांधावरून फिरून तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. लावत लावत, पाठीपाठी सरकत ती माझ्यापर्यंत आली. हात मागे करून माझ्याकडची मूठ घेतली, सोडली, तीही लावली आणि पाय धुवायला ओढ्याकडे निघून गेली. रोप राठ झालं होतं, पिवळं पडलं होतं. यातलं निम्मंही फुटणार नाही, हे मलासुद्धा दिसत होतं.