लोखंडाचं औषध

माझ्या आजाराची पहिली चाहूल घरात आनंदाची बातमी म्हणून आली.

आम्ही कल्याणात राहत होतो. घरात माणसं चारच. सासूबाई, आमचे हे, मी आणि आमची लहान मुलगी. हे तांदळाच्या एका व्यापाऱ्याच्या वखारीत कारकुनी करत. मुलीच्या पाठीवर मला मुलगा झाला होता, तो सव्वा महिन्याच्या आतच गेला. त्या बाळंतपणात माझ्या अंगावरून फार गेलं, आणि त्यानंतर मी काही पहिल्यासारखी झाले नाही. विहिरीवरून घागर आणताना मध्येच टेकावं लागे. कानात सारखा रहाट फिरल्यासारखा आवाज. सासूबाई म्हणत, "पोर गेल्याचं दुःख आहे ते. उतरेल हळूहळू." मलाही तसंच वाटे.

मग मला माती खावीशी वाटू लागली. चूल सारवताना ओल्या मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटे. चुलीच्या कडेचा भाजका ढपला मी हळूच तोंडात टाकी. एकदा फुटक्या मडक्याचं खापर चघळताना सासूबाईंनी पाहिलं. मी घाबरले, पण त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, मातीचे डोहाळे? मला सांगायचं नाही का?"

दोन महिने मी बाजूला बसले नव्हते, तेव्हा मीही ते खरं मानलं. त्या दिवशी ओल्या नारळाच्या करंज्या झाल्या. सासूबाई शेजारी देऊन आल्या, आणि कोणाला सांगू नका असं सांगत सगळ्यांना सांगून आल्या. पुढच्याच आठवड्यात मी बाजूला बसले, आणि इतकं गेलं की कोपऱ्यातून उठवेना. करंज्या लोकांच्या पोटात गेल्या होत्या. आता दारोदार जाऊन काय सांगणार? सासूबाई बरेच दिवस परसदारानंच ये-जा करत. मला मात्र एका शब्दानं बोलल्या नाहीत.

वैद्य आले. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. म्हणाले, "हिच्या अंगात रक्त राहिलेलं नाही. पांडुरोग आहे. माती खाल्ल्यानं झालाय." ताकातून मंडूरभस्म, म्हणजे लोखंडाच्या कीटाचं भस्म, सुरू झालं. काळ्या मनुका आणि डाळिंब खायचं, आंबट-तिखट बंद. सासूबाईंनी घरातलं एकूण एक खापर वेचून बाहेर टाकलं आणि चूल सारवणं माझ्याकडून काढून घेतलं. थंडी पडेपर्यंत ओठांवर थोडा रंग आला. वाटलं, सुटलो. पण पुढच्या श्रावणात तुळशीपुढे रांगोळी काढता काढता मी तिथंच आडवी झाले.

तेव्हा हे म्हणाले, "ठाण्याला एक डॉक्टर आहेत. त्यांना दाखवू."

सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या औषधात दारू असते."

"थोडी असते म्हणतात."

"मग?"

"मग काय, आई? माणूस चाललंय आपलं."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप भरलं होतं तेवढं सगळं त्यांनी निवडून संपवलं. मग त्या म्हणाल्या, "मी त्या बाटलीला हात लावायची नाही. आणि ठाण्याला मीही येणार."

स्टेशनपर्यंत चालणं मला झेपणारं नव्हतं. व्यापाऱ्याचा मचवा भरतीओहोटी साधून तांदूळ घेऊन कोलशेतला जात असे, आणि धक्का आमच्या घरापासून जवळ. त्यातूनच गेलो. पोत्यांवर कांबळं घालून मला निजवलं होतं. मुंब्र्याचा डोंगर येईस्तोवर मी जागी होते, पुढचं आठवत नाही. कोलशेतहून ठाण्यात बैलगाडीनं. रस्त्याचा प्रत्येक दगड छातीत लागत होता.

डॉक्टर तरुण होते, आमच्याच बोलीत बोलणारे. त्यांनीही पापणी ओढली, नखं पाहिली. मग वर न बघता विचारलं, "बाजूला बसतात तेव्हा किती जातं?"

आमचे हे खिडकीबाहेर बघू लागले. मी पदर आणखी खाली ओढला. परपुरुषाला हे कसं सांगायचं? माझ्यामागून सासूबाईंचा आवाज आला.

"फार जातं. लुगडी धुऊन पुरत नाहीत. बाळंतपणापासून असंच आहे. आधी नव्हतं."

डॉक्टर पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट वळले. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी सासूबाईंनाच विचारले, आणि सासूबाईंनी न अडखळता सगळी उत्तरं दिली.

मातीचंही त्या बोलल्या. डॉक्टर म्हणाले, "माती खाऊन रक्त कमी होतं, की रक्त कमी झालं म्हणून माती खावीशी वाटते? मला दुसरं खरं वाटतं. तुमच्या वैद्यांनी लोखंडच दिलं होतं, मीही लोखंडच देतोय. माझं पातळ आहे. पण दातांना लागलं तर दात काळे होतील, म्हणून नळीनं ओढून घ्यायचं."

"किती दिवस?" यांनी विचारलं.

"ते आता सांगता यायचं नाही. बरं वाटलं तरी सोडू नका. आणि बाई, झोपून राहू नका. थोडं काम करा, रोज थोडं चाला."

परतीच्या मचव्यात बाटली यांनी मांडीवर धरली होती. औषध मिळालं होतं. चालण्याचं कोडं राहिलं होतं. त्या काळी कल्याणात घरंदाज सून नुसती चालायला म्हणून बाहेर पडली असती, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. धक्क्याला लागता लागता सासूबाई म्हणाल्या, "शेणाळे तळ्यावरच्या पिंपळाला रोज प्रदक्षिणा घालायच्या. मी नवस बोललेय."

यांनी विचारलं, "कधी बोललीस?"

"आत्ता."

औषधाची चव गंजक्या खिळ्यासारखी होती. परसातल्या पपईचा देठ पोकळ असतो, त्यातून मी ते ओढून घेई. बाटलीला हात न लावण्याचा शब्द सासूबाईंनी पाळला, पण देठ रोज सकाळी त्याच ताजा कापून आणत आणि माझ्यापासून हातभर लांब पाटावर ठेवत. पोटात कळा येत, शौच काळं होई, जेवण नकोसं वाटे.

पिंपळाला पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांतच माझे पाय गळाले आणि मी पारावर बसले. सासूबाईंचे गुडघे दुखरे. तरी म्हणाल्या, "तू बस. तुझ्या वाटच्या मी घालते." मी पाराला टेकून तळ्याकडे बघत बसले, आणि त्या एक हात गुडघ्यावर ठेवून माझ्या फेऱ्या घालत राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणत, सुनेसाठी काय करतात बघा. सासूबाईंना ते आवडे, हे मला दिसत होतं.

महिन्याभरात मी माझ्या फेऱ्या स्वतः घालू लागले. वाटलं, आता झालं. पण तसं काही झालं नाही. चार महिने बरे गेले की पुन्हा अंगावरून जाई, पुन्हा नखं पांढरी, पुन्हा मचवा, पुन्हा बाटली. अशी कितीतरी वर्षं गेली. आशा वाटण्याचाही शीण येतो, हे मला तेव्हा कळलं. बरं वाटू लागलं की मनात धाकधूक सुरू होई.

उभ्याचं काम होत नसे, म्हणून मी बसल्याचं शोधलं. वाती वळल्या. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवू लागले. आळीत कोणाकडे बाळ होणार असलं की मला निरोप येई. एकेक गोधडी कितीतरी दिवस चाले, कारण दोन ओळी घातल्या की सुई जड होई. पण सकाळी डोळे उघडल्यावर अर्धी गोधडी समोर दिसली की उठायला एक निमित्त मिळे.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी पुन्हा अंथरुणाला खिळले होते. सासूबाई पपईचा देठ घेऊन आल्या. मी भिंतीकडे तोंड केलं.

"नको. पुरे झालं मला. इतकं गिळलं, इतकं चालले, तरी मी तिथल्या तिथंच आहे."

त्या समजूत घालतील असं वाटलं होतं. त्या खाली बसल्या, हाश्श म्हणाल्या.

"मलाही कंटाळा आलाय," त्या म्हणाल्या. "रोज तो देठ कापायचा, रोज तो पिंपळ. मी तुला बरी हो म्हणून सांगत नाही, ते तुझ्या हातात नाही. उठून बस, एवढंच सांगतेय. मुलीच्या लग्नाची हळद दळायला तुझा हात जात्याला लागला पाहिजे."

मी उठून बसले. रागानंच बसले. औषध घेतलं आणि बाटली जरा जोरातच खाली ठेवली.

जात्याला हात लावला तो नावापुरताच, खुंटा शेजारणीनं ओढला. कन्यादानाच्या वेळी यांच्याशेजारी बसले तेव्हा पाठीशी लोड दिला होता, आणि तो माझ्या शालूखाली झाकण्याचं काम सासूबाईंनी केलं. मुलगी सासरी निघाली तेव्हा मी दारापर्यंत चालत गेले. रडायला जोर उरला नव्हता.

दोनेक वर्षांनी सासूबाई साध्या तापानं गेल्या. शेवटच्या दिवसांत मी त्यांचे पाय चेपत बसायची. म्हणायच्या, "दमलीस की सोड गं." मी दमायची आणि सोडायची, थोड्या वेळानं पुन्हा धरायची.

चाळिशी उलटल्यावर बाजूला बसणं आपोआप थांबलं, आणि अंगात रक्त टिकू लागलं. ठाण्याला आता दुसरे डॉक्टर आले होते. त्यांनी नखं पाहिली आणि म्हणाले, "बरंच बरं आहे, पण औषध थोडं चालू ठेवा." मी म्हटलं, ठेवते. शीण मात्र पुरता गेलाच नाही. अजूनही जेवणानंतर भिंतीला टेकल्यावाचून मला पुढचं काम सुचत नाही.

गेल्या वर्षी मुलगी बाळंतपणाला आली. तिला न्हाऊ घालायला बाई ठेवू, असं हे म्हणत होते. मी नको म्हटलं. सगळ्यात आधी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या, चांगल्या लाल होत्या. मग चुलीवरून कढत पाणी तांब्यातांब्यानं आणलं, तिच्या पाठीला तेल चोळलं, कंबर शेकली. शेवटचा तांब्या ओतला आणि न्हाणीतल्या ओल्या दगडावर तशीच बसले.

"आई, झालं का?" तिनं तोंडावर आलेल्या ओल्या केसांतून विचारलं.

"झालं. जरा बसते, मग पुसते."

"मी पुसून घेते ना."

"नको," मी म्हटलं, "तूही बस."