भागवतनं लिहिलेला अर्ज

खोटं काऊन बोलू, भागवत मले पह्यले अजिबात आवडत नव्हता. चिखली ते आमचं गाव काळी-पिवळी जीप चालवते तो. मागच्या काचेवर सिनेमातल्या देवेशकुमारचा एवढा मोठा फोटो, की मागची गाडी दिसू नये. हिरोच्या वाढदिवसाले हा आन याच्यासारखे आठ-दहा जण चिखलीच्या चौकात फ्लेक्सवर दूध ओतत. मी म्हशीवाली बाई, माहं डोकं भडकणार नाही तर काय! एकदा भर जीपमध्ये बोलली, "काऊन रे, फ्लेक्सवरचा माणूस दूध पेते का? गावात लेकरं नाहीत का?" तो नुसता हसला. बेशरम आहे, असं मी घरी येऊन सांगतलं.

मंग माह्या छकुलीचं दुखणं निघालं. चार वर्षाची पोरगी, दहा पावलं पळाली की ओठ निळे. डॉक्टर म्हणाले, काळजाले छिद्र आहे, दिवाळीच्या आत ऑपरेशन पाह्यजे, उशीर केला तर काही करता येणार नाही. परत येताना भागवतच्याच जीपमध्ये बसलो. छकुलीचे बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते आन मी रडून राह्यली होती. गाव आलं तसं भागवत म्हणाला, "वहिनी, आपला देवेशकुमार लेकराईचे ऑपरेशन फुकट करून देते. मुंबईले त्याची संस्था आहे. अर्ज मी लिहितो."

आपला म्हणे! जसा काही याचा मावसभाऊ. पण बुडत्याले काडीचा आधार, मी हो म्हटलं.

तीन आठवडे वाट पाह्यली. एक दिवस मुंबईचं पाकीट आलं. घाईघाईनं फोडलं, तर आत देवेशकुमारचा सहीवाला फोटो. खाली छापलेलं, 'आपल्या प्रेमाबद्दल आभार.' ऑपरेशनचं एक अक्षर नाही.

तशीच तणतणत जीपपाशी गेली. "काय लिहिलं होतं तू? दाखव."

त्यानं कच्चा कागद काढला. सहा पानं! कोणता सिनेमा किती वेळा पाह्यला, हिरो आजारी होता तवा किती उपास धरले, दंडावर नाव कवा गोंदलं. माह्या पोरीचं नाव सहाव्या पानावर, अगदी शेवटी. वाचणाऱ्यानं पह्यलं पान पाहून चाहत्याईच्या पत्रात टाकून देलं असन.

"मले वाटलं, आधी आपली ओळख सांगावी," तो खाली पाहून म्हणाला. "मोठ्या माणसाले एकदम कसं मांगावं, वहिनी?"

माही तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो त्याच्या अंगावर फेकला आन जे तोंडात आलं ते बोलली. दिवाळीले पाच आठवडे राह्यले होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऐन सीझनमध्ये जीप उभी केली, छकुलीचे रिपोर्ट घेतले आन शेगावहून मुंबईची गाडी धरली. संस्थेच्या दारात दोन दिवस बसून राह्यला. पह्यल्या शोच्या तिकिटासाठी सहा-सहा तास उभा राहणारा माणूस, तो काय हलते! तिसऱ्या दिवशी तिथल्या मॅडमनं फाइल हातात घेतली. पुढच्याच आठवड्यातली तारीख भेटली.

मुंबईत आमचं कोण होतं? भागवतसंगं स्टेशनावर उतरलो तर चार दाढीवाले पोट्टे, छातीवर देवेशकुमार. मी तर घाबरलीच. ते तिथल्या चाहत्याईच्या मंडळाचे निघाले, भागवतनं बोलावलेले. त्याईच्यातल्या एकाची बहीण, रेवती, तिनं आम्हाले घरी ठेवून घेतलं. रोज गरम डबा. रक्त लागते म्हटलं तर अकरा जण हजर, आन आधी कोण देते म्हणून भांडण! ज्याईले मी रिकामटेकडे म्हणत होती, त्याईचं रक्त आज माह्या लेकीच्या अंगात आहे. देवा, किती उपकार! कोण कोणाचे होते ते?

ऑपरेशन चांगलं झालं. चवथ्या दिवशी देवेशकुमार लेकराईच्या माणसाईले भेटाले दवाखान्यात येणार होता. खालच्या हॉलमध्ये, एका लेकरामागं एकच माणूस. फाइल भागवतनं आणली म्हणून यादीत नाव त्याचंच. नवा शर्ट घालून, दोनदा भांग पाडून तो निघाला, तेवढ्यात छकुली जागी झाली. तिनं त्याचं बोट धरलं आन रडू लागली. नर्स म्हणाली, रडू देऊ नका, टाक्यांवर ताण येते. मी सोडवून पाह्यलं, पोरगी सोडेच ना.

"तुम्ही जा, वहिनी. मी बसतो."

"अरे येड्या, जिंदगीभर वाट पाह्यली ना तू!"

"जा म्हणतो ना."

गेली. त्या मोठ्या माणसासमोर हात जोडले. त्यानं पोरीची विचारपूस केली आन पुढं निघाला. मी त्याची बाही धरली. त्याचे माणसं धावले, पण मी सोडली नाही.

"साहेब, तुमचा एक माणूस वर बसला आहे. माह्या पोरीनं त्याचं बोट धरलं म्हणून आला नाही."

तो थांबला. "नाव काय त्यांचं?"

"भागवत!" मी मोठ्यानं सांगतलं.

"भागवतना माझा नमस्कार सांगा," तो म्हणाला, आन खरंच हात जोडले त्यानं.

लिफ्टची वाट कोण पाह्यते! जिने चढत, धापा टाकत मी वर आली आन दारातूनच ओरडली, "भागवत! देवेशकुमारनं तुह्यं नाव घेतलं! तुले नमस्कार सांगतला!"

त्याच्या डोळ्यातून धारा लागल्या. पण त्यानं बोट हलवलं नाही.

"हळू बोला, वहिनी," तो म्हणाला. "आता कुठं झोपली ती."