डावा हात सोडून

मुक्ता, ईशान,

रविवारी फोनवर मुक्ता रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजी, गिटार कीप्स स्लिपिंग!" तुम्ही शिकागोत, मी इथे बेलव्ह्यूत, शेजारी बसून दाखवता येत नाही, म्हणून लिहिते आहे. घसरणाऱ्या वाद्याशी माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांइतकं कडाक्याचं भांडण जगात कोणी केलेलं नसेल.

हे नागपूरचे आजोबा जन्मभर पूल बांधत आले, त्यामुळे कुठलीही वस्तू पडली की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो. कप बशीच्या बरोब्बर मध्यभागी नसेल, तर चहा गार होईपर्यंत तो सरकवत बसतात. लग्न ठरताना त्यांनी "मी सतार वाजवतो" असं सांगितलं होतं. सतार होती, हे खरं. पण मग नोकरी लागली, आणि एकोणपन्नास वर्षांत त्यांच्या बायकोनं, म्हणजे खालच्या आजींनी, तिचा एक सूरही ऐकला नाही. "लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला नक्की," असा शब्द देऊन त्यांनी पुण्याच्या गुरुजींची ऑनलाइन शिकवणी लावली.

गुरुजींची अट एकच: डावा हात उचलला तरी सतार हलता कामा नये. तो हात दांडी सावरत बसला तर तारेवर फिरणार कधी? सतारीचा भोपळा डाव्या पावलावर टेकवायचा, वरून उजव्या हाताचा दाब, बस्स. आजोबांनी हात उचलला की सतार आडवी! "वहिनी, हा संगीताचा नाही, मेकॅनिक्सचा प्रॉब्लेम आहे," असं मला सांगत त्यांनी आकृत्या काढल्या, गुरुत्वमध्य शोधला, कपाटात अंथरायचं रबर भोपळ्याला गुंडाळलं, तर आवाजच घुसमटला. हॅलोविन संपल्यावर बिल्डिंगच्या दारातला उरलेला भोपळा उचलून आणला आणि तो पावलावर दाबून धरत टीव्ही बघू लागले. मी गेले तेव्हा आजी ओरडत होत्या, "अहो, भोपळा खाली ठेवा, पाहुण्या आल्यात!"

"दहा मिनिटं राहिलीत," आतून उत्तर.

समारंभाला आठ दिवस उरले तेव्हा ते खचले. "कॅन्सल करतो. पडली तर फुटेल, आणि तुझ्यासमोर फुटेल."

आजी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वळून एकदाच खाली पाहिलं. "मोजे काढा."

"काय?"

"लोकरीचे मोजे, वर गुळगुळीत भोपळा. घसरेल नाहीतर काय करेल? गुरुजींना कॅमेऱ्यात तुमचं पाऊल कुठे दिसतंय?"

मोजे निघाले. हात उचलला. सतार जागच्या जागी! आजोबा असे ओरडले की वर माझी फोडणी जळाली.

भरल्या हॉलमध्ये अनवाणी बसून त्यांनी दहा मिनिटं यमन वाजवला. दोनदा चुकले, कोणाला पर्वा? शेवटी उजव्या हातानं तारा छेडत असतानाच डावा हात उंच करून आजींकडे हलवला. सतार तसूभर ढळली नाही. लोक उभे राहिले. आजी माझ्या कानात म्हणाल्या, "पन्नास वर्षं लागली, पण माणूस खोटं बोलला नव्हता."

यंदा आजोबांची बोटं आखडली आहेत. तार दाबवत नाही. तरी रोज संध्याकाळी ते सतार घेऊन बसतात, उजव्या हातानं नुसत्या मोकळ्या तारा छेडतात, आणि आजी शेजारी बसून ऐकतात. सतार अजून हलत नाही.