म्हसोबाच्या कुरणातली झाडी

माझा देवावर विश्वास आहे की नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. सासूबाईंचा मात्र होता, आणि तो सगळा हसनाबादकडच्या आमच्या गावामागे, डोंगरावरच्या एका शेंदरी दगडापाशी होता. माथ्यावरचं ते कुरण म्हसोबाचं. तिथे कुऱ्हाड नाही, विळा नाही, लोखंड म्हणून न्यायचं नाही. कुरण साफ राहायचं ते गुरांच्या तोंडानंच. पुढे गावात ट्रॅक्टर आले, आम्हीही गुरं विकून नवीन जालन्यात राहायला आलो. गुरं गेली, नेम तेवढा राहिला. घाणेरी, बोरी, बाभळी खुशाल वाढत गेल्या आणि पाप लागेल म्हणून कुणी फांदीला हात लावला नाही. आमच्याच भक्तीनं आम्ही देव झाकून टाकला.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यांना आजाराची फिकीर नव्हती, एकच घोर होता. "तो एकटा पडला आसंल गं तिथं. जाऊन बघ, अन् चिमूटभर माती आण." मी चिडले. घरात माणूस जायला टेकलंय आणि मी दगड हुडकत फिरू? तरी गेले.

वर कुरण कुठलं, नुसती झाडी. घाणेरीत पदर अडकला, हात ओरबाडले. पिशवीत कोयता होता, नेम मोडायची तयारी ठेवूनच आणलेला. पण तो बाहेर काढायचा धीर होईना. शेवटी रडकुंडीला येऊन खाली बसले आणि म्हटलं, बाबा, माझ्यानं होत नाही, आता तूच बघ.

तेवढ्यात झुडपाखालून एक शेळी बाहेर आली. तिच्यामागून माझ्याच वयाची एक बाई, चक्क रांगत.

"ताई, उभ्यानं न्हाई जमायचं. वाकून या, शेळ्यांच्या मागं."

आत बोरीखाली जागा मोकळी होती, शेळ्यांनी खाऊन साफ केलेली. मधोमध तो दगड. शेंदूर उडालेला, पण चांदीचे डोळे तेच. मी हात जोडले तशी बाई दचकली.

"देव हाये व्हय ह्यो? आमच्यात देव पुजत न्हाईत, ताई. मी तर रोज यालाच टेकून भाकर खाऊन राह्यले. कवा कवा बोलते बी याच्याशी."

ती ओशाळली, आणि तिच्याहून जास्त मी. हात जोडणारे आम्ही निघून गेलो होतो. मग तिच्याच भाकरीतली अर्धी खाऊन, माती घेऊन मी उतरले.

संध्याकाळी सासूबाईंच्या कपाळाला माती लावली. त्यांनी विचारलं, "गवत हाये का?"

खोटं बोलवेना. नाही म्हटलं, झाडी झालीय. त्यांचे डोळे भरले. "अन् तो? एकटाच?"

"नाही. भाकरीला सोबत असते रोज. बोलायलाही आहे कुणीतरी."

"मंग बरंय," म्हणाल्या, आणि कित्येक दिवसांनी शांत झोपल्या. त्या आठवड्यातच गेल्या.

ती बाई नेमकी तेव्हाच कशी आली, याचा खल मी करत नाही. शेळ्या चारायला आली होती, बस्स. कुरण गेलं ते आमच्यामुळे, ही हळहळ जायची नाही. पण देवाला आपणच सांभाळतो, हा माझा ताठा त्या झाडीत गळून पडला. आता हात जोडते तेव्हा आधी तिचे आभार मानते, मग त्याचे.